मदत घराच्या भावावर ठरली, तर परत कोण येणार?

२००५ म्हटलं की आपल्याला २६ जुलैची मुंबई आठवते. त्यानंतर महिन्याभराने, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ आलं. न्यू ऑर्लिन्स शहराचे पूरसंरक्षक बांध फुटले आणि ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. लाखो माणसं ह्यूस्टन, अटलांटा, जागा मिळेल तिकडे पांगली.

बुडालेल्या शहराचे फोटो सगळ्यांनी पाहिले. परत कोण येऊ शकलं, हे फार कोणी विचारलं नाही.

घरमालकांसाठी लुइझियाना राज्याने 'रोड होम' योजना आणली. जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. पण मेख अशी, की वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातला जो आकडा कमी, तो धरायचा. आता बघा, लाकूड, पत्रे, मजुरी यांचा दर वस्ती बघून कमी होत नाही. पण लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घराला भावच कमी. म्हणजे घर तेवढंच, नुकसान तेवढंच, मदत मात्र कमी! लोक कोर्टात गेले. तडजोड झाली २०११ मध्ये. सहा वर्षं कोण थांबणार?

दुसरी अडचण तर आपल्या ओळखीची. कितीतरी घरं आजोबा-पणजोबांच्या नावावर, वारसांची नोंदच नाही. कागद नाही, म्हणून मदत अडली. भाडेकरूंचे हाल वेगळेच. सरकारी घरांच्या चार मोठ्या वसाहती दुरुस्त करण्याऐवजी पाडल्या.

तरी लोक लढले. २००६ च्या सुरुवातीला एका सरकारी नकाशात ब्रॉडमूर भागावर हिरवा ठिपका दिसला. म्हणजे वस्तीच्या जागी बाग. रहिवासी एकत्र आले, स्वतःचा आराखडा केला आणि वस्ती राखली.

२००० मध्ये शहराची लोकसंख्या ४ लाख ८४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ८४ हजार. सगळे वादळामुळेच गेले असं नाही. पण "त्यांना यायचंच नव्हतं" असं म्हणणं सोपं आहे. अनेकांची वाट नियमांनीच अडवली.

माझं म्हणणं साधं आहे. मदत बाजारभावावर नको, राहण्याजोगं घर उभं करायला लागणाऱ्या खर्चावर ठरवा. आणि नियम आधी ठरवा, पाणी शिरल्यावर नको.

आपल्या कोकणातही सामायिक सातबारे काही कमी नाहीत. तुमच्या घराच्या उताऱ्यावर आज कोणाचं नाव आहे? पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या.