इंटरनेट कॉल ऐकण्याची परवानगी न्यायाधीशाने द्यावी

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये घुसलेल्या दहशतवाद्यांना पाकिस्तानातून जे हुकूम सुटत होते, ते इंटरनेटवरून केलेल्या कॉलमधून. न्यू जर्सीतल्या एका कंपनीकडे त्यासाठी खाते उघडले होते आणि पैसे परदेशांतून मनी ट्रान्सफरने भरले होते. त्यामुळे कॉल पाकिस्तानातून येतो आहे, हे क्रमांकावरून कळायला वाव नव्हता. तरीही दहशतवादविरोधी पथकाने ती संभाषणे टिपली, कारण कॉलचे मुंबईतले टोक साध्या भारतीय मोबाइल जाळ्यावर होते. हल्लेखोरांपैकी जिवंत सापडलेल्या कसाबच्या खटल्यात ती पुरावा म्हणून आली. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतली संभाषणे सविस्तर घेऊन कट सीमेपलीकडे शिजल्याचे दाखवले. सरकारने कोणाचाही कॉल कधीच ऐकू नये असे म्हणणाऱ्याला आधी या ध्वनिमुद्रणांना उत्तर द्यावे लागेल, आणि ते देता येणार नाही. सरकारला ऐकता आलेच पाहिजे. पण कोणाचे आणि किती दिवस ऐकायचे, याची परवानगी ऐकणाऱ्याच्याच घरातून मिळता कामा नये. ती न्यायाधीशाने द्यावी, आणि इंटरनेट कॉलच्या काळात ही गरज पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी झाली आहे.

मोठी का झाली, हे समजायला तंत्राकडे पाहावे लागते. जुन्या फोनवरचे बोलणे कंपनीच्या एक्स्चेंजमधून जात असे. तिथे एक जोड दिली की ऐकू येई. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश आणि कॉल एका फोनमध्ये कुलूपबंद होतात आणि थेट दुसऱ्या फोनमध्येच उघडतात. मधल्या मोबाइल कंपनीला अर्थहीन आकड्यांचे पुडके तेवढे दिसते, आणि व्हॉट्सॲपलाही ते उघडता येत नाही. मग तपास यंत्रणेच्या हाती दोन गोष्टी उरतात. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ कॉल केला याची नोंद ही पहिली, आणि खुद्द फोन ही दुसरी. मे २०१९ मध्ये उघड झाले, की व्हॉट्सॲपवर नुसता कॉल आला, तो उचललाही नाही, तरी पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरू शकत होते. जगभरातले सुमारे १,४०० फोन त्यात लक्ष्य झाल्याचे व्हॉट्सॲपने सांगितले. ज्यांना कंपनीने तसे कळवले, त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. भारतातल्या फोनवर हे कोणी करवून घेतले, ते अजून सिद्ध झालेले नाही. पण वाट कोणती आहे ते दिसले. तार बंद झाली की ऐकणारा खिशातल्या फोनकडे वळतो, आणि तिथे त्याला कॉलच्या जोडीला फोटो, डॉक्टरांचे अहवाल, बँकेचे व्यवहार, नवरा-बायकोचे बोलणे, शिवाय फोन बंद ठेवला असे वाटत असतानाही चालू राहणारा माइक असे सगळेच सापडते. एका तारेपुरती बेतलेली परवानगी या सगळ्याला पुरणारी नाही.

ती परवानगी कशी बेतली गेली, हेही पाहू. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला, पण तो वापरण्याची शिस्त शंभर वर्षे घातलीच नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घातली. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, त्याला मुदत असावी, समितीने तो तपासावा. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र न्यायालयाने बंधनकारक केली नाही. कायद्यात तशी तरतूद नसताना आम्ही ती घालू शकत नाही, असे सांगितले. त्या निकालात ब्रिटनच्या १९८५ च्या कायद्याचा दाखला आहे, आणि त्यातही न्यायाधीशाची परवानगी लागत नसे. पुढे ब्रिटनने स्वतःच ती पद्धत सोडली. तिथल्या २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याने सही केल्यानंतर उच्च न्यायिक पद भूषवलेल्या आयुक्ताची मंजुरी मिळेपर्यंत आदेश लागू होत नाही. आपण मात्र २०२३ चा नवा दूरसंचार कायदा केला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नियम काढले, आणि १९९६ चाच साचा कायम ठेवला. केंद्रात गृहसचिव, राज्यात गृहविभागाचे सचिव. तपासणारी समिती केंद्रात कॅबिनेट सचिवांची, राज्यात मुख्य सचिवांची. मागणारे, देणारे आणि तपासणारे असे सगळेच सरकारी अधिकारी. मधल्या काळात, २०१७ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर तरी हा साचा बदलायला हवा होता.

समिती आहे, मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. उत्तर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीच्या २०१८ च्या अहवालात आहे. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार केंद्र सरकार एकटेच महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढत होते. आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. आठ तास न उठता बसले, तरी एका आदेशाला दोन सेकंदही मिळत नाहीत. याला तपासणी म्हणता येणार नाही. आणि चूक झाली तर ती कळणार कोणाला? ज्याचे बोलणे ऐकले त्याला नंतरही कळवण्याचे बंधन आपल्या कायद्यात नाही. २००९-१० मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन लाचेच्या प्रकरणात टॅप झाला. सार्वजनिक आणीबाणी नव्हती, सार्वजनिक सुरक्षेचाही प्रश्न नव्हता, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश बेकायदा ठरवले, पण तोवर २०१९ उजाडले होते. खटला उभा राहिला म्हणून त्याला दाद तरी मागता आली. ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याला तेही दार नाही. महाराष्ट्रातल्या लोकप्रतिनिधींचे क्रमांक भलत्याच नावांनी टॅपिंगच्या यादीत घातल्याचा आरोप झाला, २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते रद्द झाले. आरोप खरे नसतील. पण मंजुरीच्या वेळी एखाद्या न्यायाधीशाने क्रमांक आणि नाव पडताळून पाहिले असते, तर संशयाला जागाच राहिली नसती, आणि यात पोलिसांचेही हित होते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. २६/११ च्या रात्री न्यायाधीशाला उठवायला कोण जाणार होते? कोणी जायची गरज नाही. तातडीत आधी ऐकण्याची सोय आपल्या नियमांत आजही आहे. फक्त सात कामकाजी दिवसांत सचिवांकडून शिक्कामोर्तब घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये तातडीच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताला तिसऱ्या कामकाजी दिवसाअखेर निर्णय द्यावा लागतो. शिक्कामोर्तब करणारा बदलला, तर ऐकण्याला एका मिनिटाचाही उशीर होत नाही. न्यायालयांवर आधीच डोंगराएवढे काम आहे, हा आक्षेप खराच आहे. म्हणून प्रत्येक उच्च न्यायालयात या कामापुरते काही न्यायमूर्ती नेमावेत आणि सुनावणी बंद दाराआड व्हावी. महिन्याला नऊ हजार आदेश त्यांना झेपणार नाहीत, असे कोणी म्हणेल. मग ते नऊ हजार आदेश सचिवांना कसे झेपतात, हेही त्याने सांगावे. मागणाऱ्याला कारण लिहून न्यायाधीशापुढे ठेवायचे आहे म्हटल्यावर मोघम अर्ज आपोआप गळतील.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो. कुलूपच तोडायला लावा, कंपन्यांना मागचे दार ठेवायची सक्ती करा, मग फोनमध्ये शिरावेच लागणार नाही. डिजिटल अटकेच्या नावाखाली व्हिडिओ कॉलवरून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची कमाई लुटली जाते, तेव्हा हा मार्ग पटायला लागतो. पण असे दार फक्त पोलिसांपुरते राहत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेतली, कायदेशीर टॅपिंगसाठीच असलेली सोय अज्ञातांनी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांना अशी सोय ठेवायला लावली आणि २००५ मध्ये ती इंटरनेट कॉलनाही लागू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली, की चिनी हॅकर तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या याच यंत्रणेपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर हल्ल्याचा सर्वाधिक धोका असलेल्या अधिकारी-नेत्यांना कुलूपबंद ॲपच वापरण्याचा सल्ला अमेरिकी सरकारच्याच सायबर सुरक्षा यंत्रणेने दिला. तेव्हा कुलूप सर्वांचे शाबूत ठेवावे, आणि ज्याच्यावर सबळ संशय आहे त्या एकाच फोनमध्ये, न्यायाधीशाच्या लेखी आदेशाने, ठरलेल्या दिवसांपुरते आणि ठरलेल्या मजकुरापुरते शिरावे. हा मार्ग जास्त कष्टाचा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

कायद्यातली दुरुस्ती संसदेच्या हातात आहे. तिला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र महाराष्ट्र आज करू शकतो. अमेरिकेतली न्यायालये १९६८ च्या कायद्यानुसार दरवर्षी किती आदेश दिले, त्यांवर किती खर्च झाला आणि त्यांतून किती जणांना शिक्षा झाली, हे प्रसिद्ध करतात. केंद्राचा मासिक आकडा माहिती अधिकारात एकदा बाहेर आला, तेव्हा देशाच्या सुरक्षेवर आभाळ कोसळले नाही. राज्याच्या गृहविभागाने वर्षभरात किती आदेश निघाले, मुख्य सचिवांच्या समितीने त्यांतले किती फेटाळले आणि किती प्रकरणांत आरोपपत्र दाखल झाले, एवढे तीन आकडे, कोणाचेही नाव न सांगता, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावेत.