डीसी वीज : खांबावर नको, वर्गात हवी



दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा शिकवताना आपण दिष्ट धारा (डीसी) आणि प्रत्यावर्ती धारा (एसी) यांतला फरक सांगतो, 50 हर्ट्झ पाठ करून घेतो आणि पुढे जातो. मुलांच्या डोक्यात एवढंच उरतं की सेलची ती डीसी आणि घरच्या लाईटची ती एसी. पण आज घरातल्या बऱ्याच वस्तू आतून डीसीवरच चालतात. मग गावातली सगळी लाईनच डीसी का करत नाहीत, असं एखादं पोरगं विचारणारच. माझं मत सरळ सांगतो. खांबावरची लाईन एसीच राहू द्या. शाळेच्या वर्गात मात्र सोलरच्या जोडीने डीसीची छोटी लाईन हवी.

आधी एक सोपा उपक्रम. मुलांना घरून मोबाईलचा चार्जर आणायला सांगा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावा. इनपुटपुढे नागमोडी रेघ असते, ती एसी. आउटपुटपुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते, ती डीसी. म्हणजे चार्जर एसीची डीसी करून देतो. तो हाताला गरम लागतो, कारण या बदलात थोडी वीज वाया जाते. एलईडी दिवा, टीव्ही, संगणक यांच्या आतही हेच चालतं.

मग खांबावर एसी का? एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कला सुमारे 110 व्होल्टची डीसीच दिली होती, पण ती लांब नेता येईना. कमी व्होल्टेजवर तेवढीच वीज न्यायची तर प्रवाह जास्त लागतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. एसीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने सहज कमी-जास्त करता येतं. आपल्या पालमच्या कुठल्याही डीपीवर 11,000 व्होल्ट येतात आणि घरात 230 होऊन जातात. साधा ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालतच नाही.

डीसी काही संपलेली नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटरची 500 किलोव्होल्टची डीसी लाईन 1999 पासून चालू आहे. इतक्या लांबच्या पल्ल्याला डीसी परवडते, कारण दोन्ही टोकांना महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली तरी वाटेतली गळती कमी होते. उलट मुंबईची लोकल 1925 मध्ये 1500 व्होल्ट डीसीवर सुरू झाली आणि पुढे ती 25,000 व्होल्ट एसीवर नेली. हार्बर मार्गाचं काम 2016 मध्ये संपलं. मधल्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. चालू व्यवस्था बदलणं किती किचकट असतं, ते यातून समजतं.

आता गावाचा हिशोब करू. पाच एचपीच्या मोटारीला साधारण 3,730 वॅट लागतात. 48 व्होल्टवर तिला जवळपास 78 अँपिअर लागतील. तेवढी जाड तार कोण ओढणार? व्होल्टेज वाढवलं तर दुसरा धोका येतो. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण बंद करताना ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी पेटती राहू शकते. शिवाय शेतातल्या मोटारी आणि गिरण्या थ्री फेज एसीच्या आहेत. सगळं बदलायचं तर प्रत्येक डीपीवर आणि प्रत्येक घरात नवी यंत्रणा लागेल. जिथे जळालेली डीपी बदलून मिळायलाच वाट बघावी लागते, तिथे ही मागणी करू नये.

वर्गाचं गणित वेगळं आहे. चार साधे पंखे 300 वॅट खातात. बीएलडीसी पंखे घेतले तर चार पंख्यांचे साधारण 120 आणि दोन एलईडी ट्यूबचे 40, मिळून 160 वॅट होतात. 48 व्होल्टवर प्रवाह फक्त साडेतीन अँपिअरच्या आत येतो. तीन तास लाईट गेली तरी 480 वॅट-तास पुरतात. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, म्हणून थोडी मोठी घ्या. खरी बचत पंख्यांमुळे होते, हेही मुलांना सांगा. डीसीमुळे मधले दोन बदल वाचतात, कारण पॅनलमधून डीसीच निघते आणि बॅटरीतही डीसीच साठते.

पालकहो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गच्चीवर सोलर बसवलं म्हणजे लाईट गेल्यावर पंखे फिरतील, असं नाही. लाईनला जोडलेला बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर, लाईट गेली की सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे एप्रिलच्या भर उन्हात वर पॅनल तळपताहेत आणि खाली पत्र्याखालची पोरं घामाने भिजताहेत, असं होऊ शकतं.

यावर उपाय शोधलेला आहे. आयआयटी मद्रासच्या प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने 48 व्होल्ट डीसीची घरगुती पद्धत तयार केली आणि राजस्थानात जोधपूर-जैसलमेरकडच्या हजारो घरांत ती बसली. भारतीय मानक ब्युरोचं 2017 चं आयएस 16711 हे मानकही याच मांडणीसाठी आहे.

तेव्हा शाळेला सोलर मंजूर झालं की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पुरवठादाराला तीन प्रश्न विचारा. लाईट गेल्यावर वर्गातले पंखे चालतील का? चार वर्गांपुरती बॅटरीवरची वेगळी डीसी लाईन देता का? आणि तिचे स्विच, फ्यूज डीसीसाठीच बनवलेले आहेत ना? या लाईनचे प्लगही वेगळ्या आकाराचे हवेत, म्हणजे 230 व्होल्ट चुकून त्यात जाणार नाहीत.

उत्तरं तोंडी घेऊ नका, कोटेशनमध्ये लिहून घ्या. बिल निघण्याआधी मेन स्विच पाडून, चार पंखे फिरतात का ते सगळ्यांसमोर बघा.