पुढच्या आसाला वेगळे तेल हवेच

‘मिनी ट्रॅक्टरला सगळीकडे एकच तेल पुरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. मागच्या गिअरबॉक्समधल्या तेलाला गिअर, हायड्रॉलिक पंप आणि बहुतेकदा तेलात बुडालेले ब्रेकही सांभाळावे लागतात, म्हणून ते पातळ असते. फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या आसात सहसा पंपही नसतो, ब्रेकही नसतात. तिथे असतात बेव्हल गिअर. लोडर भरला की त्यांच्या दातांवर जबर दाब येतो आणि तो झेलायला जाड थर लागतो. ९० ग्रेडच्या गिअर ऑइलची विष्यंदिता १०० अंश सेल्सिअसलाही किमान १३.५ सेंटिस्टोक असते. मागच्या ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेलाची साधारण ९-१०.

कुबोटाच्या काही मॉडेलांच्या पुस्तिकेनुसार पुढच्या आसात दोन्ही तेले चालतात, हे खरे. पण मुभा आहे म्हणून दोन्ही सारखी ठरत नाहीत. पातळ तेलाचा फायदा कडाक्याच्या थंडीत; आपल्या उन्हाळ्यात द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या आसाला ८०डब्ल्यू-९०च योग्य. पुस्तिकेत एकच तेल सांगितले असेल, तर मात्र तेच घालावे. गिअर ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असताना ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-५ ओतू नये. त्यातली जादा गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने पितळी भागांना बाधू शकतात. दोन डबे ठेवण्याचा खर्च वाढतो, हा आक्षेपही टिकत नाही: या आसात मोजकेच लिटर तेल मावते. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. ते बदलून सीलही तपासावे.

— एक वाचक