हवेतल्या खुणा

विज्ञानाने माणसाच्या डोळ्यांवर आता एक नवाच चष्मा चढवला आहे. 'मिश्र वास्तव' दाखवणाऱ्या या चष्म्यातून समोरचे खरे जग दिसतेच; शिवाय नसलेली चित्रे, नकाशे आणि अक्षरेही हवेत तरंगताना दिसतात. त्यांना हुकूम द्यायचा तो हाताच्या खुणांनी. ॲपलच्या २०२४ च्या 'व्हिजन प्रो'मध्ये वस्तूकडे पाहून अंगठा आणि तर्जनी जुळवली की काम होते. हे चष्मे धावत्या मोटारीत नेण्याची खटपटही चालू आहे. बीएमडब्ल्यू आणि मेटा या कंपन्यांनी २०२३ साली आपले असे प्रयोग जगापुढे मांडले. डोके वळले की गाडी वळली, हे एकट्या चष्म्याला नीट उमगत नाही. म्हणून गाडीच्या हालचालीचे मोजमाप गाडीकडूनच घ्यावे लागते. ही अडचण यंत्राची आहे, ती सुटेल. माझा प्रश्न हातांचा आहे.

या खुणा 'नैसर्गिक' असाव्यात, असे म्हणतात. पण नैसर्गिक म्हणजे कोणाला? बीएमडब्ल्यूच्या २०१५ च्या ७-सीरीज मोटारीत हवेत बोट गोल फिरवले की गाण्याचा आवाज कमी-जास्त होई. ज्याने रेडिओचे बटण फिरवले आहे, त्यालाच ही खूण सहज सुचेल. आपण मनगट फिरवून 'काय झाले?' असे विचारतो, तळहात खाली ठेवून 'ये' म्हणतो. किंबहुना आपण ज्याला निसर्ग म्हणतो, ती पुष्कळदा सवयच असते.

शिवाय माणूस बोलताना हात हलवतोच. प्रत्येक हालचाल हुकूम ठरली, तर आपली गत मिडास राजासारखी होईल. नको तेथेही हात लावला की सोने! त्यात आपले रस्ते. खड्डा आला की हात आपोआप उडतो. आणि हात फार वेळ अधांतरी धरला, तर खांदा भरून येतो तो वेगळाच.

माझे वडील टेम्पो चालवतात. मागचा दिवा बिघडला, की ते उजवा हात बाहेर काढून तळहात खाली-वर करतात. गाडी हळू होत आहे, हे मागच्याला कळते. ही खूण शिकलेलीच आहे. पण तिचा अर्थ एकच आहे आणि ती क्वचितच करावी लागते. नव्या खुणांनीही हाच धडा गिरवावा. त्या मोजक्या असाव्यात, हात मांडीवर टेकवूनही करता याव्यात आणि चुकल्यास मागे घेता याव्यात. अशा सोयी मागे बसणाऱ्याने खुशाल वापराव्यात. चालकाला मात्र हा चष्मा नको आणि खुणाही नकोत. त्याला न पाहता हाताला लागणारे साधे बटणच बरे.

हे सारे मी वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग स्टिअरिंग कोण धरणार?" चष्मा घडवणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे, खुणा मागाहून ठरवाव्यात.