हवेतले हात वाया जात नाहीत



उन्हाळी सुट्टी संपत आली तेव्हा धुळ्याच्या एका भगिनीने आम्हाला फोन केला. म्हणाल्या, "मुलगी आठवीत आहे. दोन वर्षं झाली कराटेला जाते. घरी येऊन नुसती हवेत हात मारते. चार पावलं पुढे, चार मागे, समोर कोणी नाही! याचा उपयोग काय? आणि पुढच्या वर्षी क्लास बंदच करायचा आहे, मोठी झाली आता."

दोन प्रश्न एका दमात आले. आम्हाला वाटते, दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातच आहे.

ही मुलगी जे करते त्याला 'काता' म्हणतात. ठरलेल्या क्रमाने घेतलेले पवित्रे, बचाव, ठोसे आणि लाथा यांचा तो पाठ असतो. जळगाव-धुळ्याच्या क्लासमध्ये कराटेच्या वेगवेगळ्या शैली शिकवल्या जातात. आम्ही ज्या शैलीत वाढलो ती गोजू-रयू. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मऊ. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेट आहे. तिथल्या नाहा शहरातील हिगाओन्ना कानर्यो (१८५३-१९१५) चीनच्या फुजौ शहरात जाऊन ही विद्या शिकले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८-१९५३) यांनी तिला आजचे रूप आणि नाव दिले. या शैलीत साधारण बारा काता आहेत. त्यांतले आमच्या आवडीचे चार सांगतो.

पहिला गेकिसाई. मियागींनी १९४० च्या सुमारास हा नव्याने बांधला, शाळेतल्या मुलांना आणि नवशिक्यांना सोपा पडावा म्हणून. याचे दोन भाग आहेत. पहिल्यात बहुतेक मूठ बंद असते, दुसऱ्यात उघड्या हाताचे बचाव येतात. एवढे मोठे उस्ताद, पण मुलांसाठी सोपा धडा लिहायला बसले, हेच आम्हाला फार आवडते. कोणत्याही मुलाने सुरुवात इथूनच करावी.

दुसरा साईफा. याच्या सुरुवातीलाच तिरके पाऊल टाकून, एका हाताने दुसरी मूठ धरून ती झटक्यात ओढून घ्यायची असते. हवेत पाहिले तर काहीच कळत नाही. पण कोणी मनगट घट्ट पकडले आहे असे समजा. नुसत्या हाताच्या जोराने ते सुटत नाही. पाऊल बाजूला पडले, कंबर वळली आणि कोपर आत आले की सुटते. आठवीतली मुलगी मोठ्या माणसाशी ताकदीत बरोबरी करू शकत नाही. साईफा तिला शिकवतो की ताकद लावायच्या आधी जागा बदलायची.

तिसरा सेयुनचिन. यात एकही लाथ नाही. गुडघे बाहेर काढून, खाली बसून, सावकाश पुढे जायचे असते. पहिल्या तीन पवित्र्यांतच मांड्या थरथरू लागतात. पकडणे, ओढणे आणि तोल घालवणे हे याचे काम. उड्या नाहीत, उंच लाथा नाहीत, त्यामुळे चाळिशीतल्या भगिनीही तो हळूहळू शिकू शकतात. गुडघे दुखत असतील तर कमी बसावे.

चौथा, आणि आमचा सर्वांत लाडका, सानचिन. पाहणाऱ्याला हा सर्वांत कंटाळवाणा वाटतो. पायांचे पंजे थोडे आत, गुडघे किंचित वाकलेले, अंग आवळलेले, आणि प्रत्येक हालचालीबरोबर एक खोल श्वास. मियागींनी रुजवलेल्या रूपात तर वळणेही नाहीत. काही पावले पुढे, काही मागे, बस्स. एका खोलीत मावतो. आम्ही शिकत होतो तेव्हा सानचिन चालू असताना सर खांद्यावर थाप मारून पाहत, अंग ढिले पडले का ते. राग आला की श्वास वर चढतो. सानचिन तो खाली आणायला शिकवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुस्तीत दुसऱ्याला पाडणाऱ्यापेक्षा रागाच्या वेळी स्वतःला आवरणाऱ्याला खरा बलवान म्हटले आहे. ही शिकवण आम्हाला सानचिनच्या वेळी हमखास आठवते. मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास कोंडून, अंग आवळून हा काता करू नये. डॉक्टरांना विचारावे.

आता त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

१९४५ मध्ये ओकिनावावर युद्ध झाले. बेट उद्ध्वस्त झाले, हजारो घरे गेली. मियागींचे पट्टशिष्य शिंझातो जिनआन त्या युद्धात मारले गेले. तरीही काता उरले, कारण ते जिवंत राहिलेल्या माणसांच्या अंगात होते. नमाज ही इबादत आहे आणि काता हा व्यायाम, दोन्हींची बरोबरी कोणी करू नये. पण पाठांतराची रीत आपल्या घरांना नवी नाही. हाफिज मुलाने दौर सोडला की काय होते, हे त्याच्या अम्मीला विचारा. रोज थोडे, पण न चुकता, हेच इथेही लागू आहे.

लढतीला जोडीदार लागतो, मॅट लागते, हॉल लागतो. कात्याला काहीच लागत नाही. आमच्याकडे जळगावात एक मुलगी शिकत होती. दहावीनंतर घरच्यांनी तिचा क्लास थांबवला. आम्हालाही तेव्हा ते फारसे चुकीचे वाटले नाही, आणि आम्ही तिच्या अब्बूंशी एका शब्दाने बोललो नाही. याची खंत आजही आहे. तिने मात्र मगरिबनंतर धाब्यावर रोज सानचिन आणि साईफा चालू ठेवला. काही वर्षांनी भेटली तेव्हा धाकट्या बहिणीला सोबत घेऊन आली. म्हणाली, "सर, क्लास सुटला, काता नाही सुटला." तिचा साईफा पाहिला. दोन ठिकाणी चूक होती, पण पाऊल अगदी बरोबर पडत होते.

म्हणून त्या भगिनीला आम्ही सांगितले, क्लास बंद करण्याआधी अडचण नेमकी कोणती ते पाहा. अडचण कपड्यांची असेल, तर कराटेचा पोशाख मुळातच सैल आणि पूर्ण बाह्यांचा असतो. इराणच्या मुली डोके झाकून जागतिक स्पर्धांत उतरतात. अडचण वेळेची असेल, तर चार पालकांनी मिळून मुलींची वेगळी बॅच मागावी, शक्य असेल तर शिक्षिका मागावी. अडचण वाकून अभिवादन करण्याची असेल, तर सरांना पहिल्याच दिवशी अदबीने सांगावे की आम्ही झुकतो ते फक्त अल्लाहपुढे. सरळ उभे राहून, छातीशी हात नेऊनही आदर दाखवता येतो. समजूतदार शिक्षक ऐकून घेतात, असा आमचा अनुभव आहे. स्पर्धेला जायचे असेल तर तिथले नियम आधी विचारून घ्यावेत.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसत्या कात्याने कोणी लढवय्या होत नाही. प्रत्येक हालचालीचा अर्थ जोडीदाराबरोबर करून पाहावा लागतो. क्लासमध्ये ते होत नसेल तर सरांना विचारा. संकटात पहिला बचाव म्हणजे ओरडणे, पळणे आणि ११२ वर फोन करणे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे मुलीला कात्याइतकेच पाठ हवेत.

या महिन्यात एवढेच करा. संध्याकाळी मुलीला म्हणा, "दाखव बरं तुझा काता." मोबाइल बाजूला ठेवून तो पूर्ण पाहा. मग तुमचे मनगट तिच्यापुढे करा आणि म्हणा, "आता माझं धर, मला सोडवून घ्यायला शिकव." हवेतल्या हाताचा उपयोग काय, हे ती स्वतःच दाखवील, इन्शाअल्लाह.