फराळ करणारे आणि खाणारे

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस जुन्या वाड्यांतून एक रिवाज असे. आज या घरी करंज्या, उद्या त्या घरी चकल्या. आणि ज्या घरी घाट असेल तिथे शेजारच्या चारजणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन हजर. कोणी लाटायचे, कोणी सारण भरायचे, कोणी कातणाने कडा कापायच्या. जिला तळणे जमत नसे तीही निदान वेलदोडे सोलायला बसे. हात हलवीत यायचे, दोन करंज्या तोंडात टाकायच्या आणि 'मोहन जरा कमीच पडलेलं दिसतं!' म्हणून निघून जायचे, अशीही एखादी असेच. पण पुढल्या वर्षी तिच्या घरच्या घाटाला कोणी फिरकत नसे.

आज मला या मोहनवाल्यांबद्दलच बोलायचे आहे. वाड्यात ती एखादीच असे. मराठी भाषेच्या बाबतीत मात्र आपण बहुतेक सगळेच तसे झालो आहोत. आणि सगळेच म्हणताना मी स्वतःला वगळीत नाही.

मागल्या दिवाळीची गोष्ट. नातीला शाळेने सुट्टीत आपल्या मूळ गावाची माहिती लिहून आणायला सांगितली होती. तिने मराठी विकिपीडिया उघडला. गावाच्या नावाचे पान होते, पण त्यावर तालुका आणि जिल्हा यांच्यापलीकडे काही नव्हते. "आजोबा, आपल्या गावात काहीच नाही का हो?" तिने विचारले. माझा संताप झाला. मराठीची अनास्था, सरकारची उदासीनता, विद्वानांचा आळस, या विषयांवर मी तिला दहा मिनिटे व्याख्यान दिले. तिने ते शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मग तुम्ही का नाही लिहिलंत?"

वाचकहो, खरे सांगतो, मला उत्तर सुचले नाही.

कारण हा ज्ञानकोश लिहिण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. त्याला पगारी लेखक नाहीत. तुम्हीआम्ही लिहू तेवढाच तो मोठा, आणि आपण लिहिणार नाही तिथे तो कोरा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' उभा केला. त्यासाठी कंपनी काढावी लागली, वर्गणीदार गोळा करावे लागले, आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्या एका कामात घालावी लागली. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. त्याचा पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडले. त्या माणसांनी डोंगर उपसले. आपल्याला घमेलेभर माती उचलायला सांगितली, तर आपली कंबर दुखते!

हिशोबच मांडू. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे होते सुमारे ८ कोटी ३० लाख. मलयाळम सांगणारे साडेतीन कोटींच्या आत. मराठी विकिपीडियावरचे लेख आहेत लाखाच्या आसपास. मलयाळममधले ऐंशी हजारांहून अधिक. माणसे दुपटीहून जास्त, आणि लेख मात्र थोडेसेच जास्त! ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या पेढ्यांच्या प्रत्येक खोक्यामागे एक परिच्छेद लिहिला असता, तर?

यावर आपली उत्तरे ठरलेली असतात. पहिले, "आम्ही कुठले विद्वान?" पण विद्वान मागितलाय कोणी? गावच्या बारवेचा स्वतः काढलेला फोटो चढवायला विद्वत्ता लागत नाही. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या जुन्या पुस्तकांची छायाचित्रित पाने असतात. पान आणि मजकूर ओळीने ताडून चुका दुरुस्त करायच्या, एवढेच काम. त्याला चष्मा आणि चिकाटी पुरते.

दुसरे उत्तर, "वेळ नाही." रोज सकाळी पन्नास जणांना सुप्रभाताची फुले पाठवायला ज्यांना वेळ आहे, त्यांनी तरी हे सांगू नये.

तिसरे उत्तर मात्र ऐकण्याजोगे आहे: "तिथे कोणीही लिहितो, मग विश्वास कसा ठेवायचा?" चुका असतात, हे खरे. पण प्रत्येक बदल कधी झाला, कोणत्या खात्यावरून झाला आणि आधी काय होते, याची नोंद तिथे उघडी असते. चुकीचा बदल मागे घेता येतो. विधानाला छापील किंवा तसाच विश्वासू आधार द्यावा, असा दंडक आहे. तेव्हा चूक दिसूनही नाक मुरडून निघून जाणारा माणूस हाच त्या चुकीचा राखणदार!

मी काय केले तेही सांगतो. जिल्ह्याचे गॅझेटिअर काढून बसलो आणि गावाबद्दल पाच वाक्ये लिहिली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कोणा अनोळखी माणसाने माझ्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या होत्या आणि एक वाक्य काढून टाकले होते. आमचे गुरुजी चिंचेखाली शाळा भरवीत, असे ते वाक्य होते. त्याला आधार फक्त माझ्या आठवणीचा. क्षणभर राग आला. मग वाटले, बरोबर आहे. ते आठवणींच्या पुस्तकात जावे, ज्ञानकोशात नव्हे. पण चार वाक्ये राहिली. तो माणूस पुण्यात असेल, परदेशात असेल. माझ्या पोळपाटाशेजारी त्याने आपला पोळपाट मांडला होता.

एक धास्ती मात्र मनातून जात नाही. गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, जुने दिवाळी अंक माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडले आहेत. ते वाचून आधार देऊ शकणारी पिढी साठीच्या पुढे गेली आहे. आणि आज प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रेसुद्धा लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. जे मराठीत लिहिलेच नाही, ते आपल्या नातवंडांना कोण सांगणार?

तेव्हा या सुट्टीत एवढेच करा. माळ्यावरचे एक पुस्तक खाली काढा, घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा, आपल्या गावाचे पान उघडा आणि एक वाक्य लिहा, आधारासकट. टंकलेखन तो करील, सांगायचे तुम्ही. मग मराठीत मोहन कमी पडले आहे, असे खुशाल म्हणा. तो हक्क तुम्ही मिळवलेला असेल.