प्रोबायोटिक दह्यामुळे पोटातले बॅक्टेरिया खरंच बदलतात का?

दुकानाच्या फ्रीजमध्ये साध्या दह्याच्या शेजारी 'प्रोबायोटिक' लिहिलेला डबा असतो आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. हे दही खाल्लं की त्यातले 'चांगले' बॅक्टेरिया आतड्यात मुक्काम ठोकतात आणि वाईटांना हुसकावून लावतात, असं अनेक रील्समध्ये सांगितलं जातं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या पोटात असा मुक्काम होतच नाही.

३८ लाख कोटींच्या गर्दीत

माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. एफएसएसएआयच्या नियमानुसार प्रोबायोटिक पदार्थाच्या दिवसभराच्या प्रमाणात किमान १० कोटी जिवंत बॅक्टेरिया लागतात. आकडा मोठा वाटतो, पण आतल्या ३ लाख ८० हजारांमागे बाहेरून आलेला एक, असा हा हिशेब आहे. काही उत्पादनांत शंभरपट बॅक्टेरिया असतात, तरीही आतले हजारोंच्या पटीत भारी पडतात. शिवाय जठरातलं आम्ल आणि पित्त यांतून वाचून पुढे जायचं असतं ते वेगळंच.

जुळ्या बहिणींनी काय दाखवलं?

या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर २०११ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात सापडतं. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने एकसारख्या जुळ्या बहिणींच्या सात जोड्या निवडल्या. त्यांना सात आठवडे, दिवसातून दोनदा, पाच प्रकारचे बॅक्टेरिया असलेलं दह्यासारखं उत्पादन दिलं. आधी, दरम्यान आणि नंतर त्यांच्या शौचाचे नमुने तपासले. आतड्यात कोणत्या जातीचे बॅक्टेरिया किती, यात लक्षणीय फरक पडला नाही.

पण अभ्यास इथे संपला नाही. याच गटाने जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात माणसातले १५ प्रकारचे बॅक्टेरिया सोडले आणि मग दह्यातले पाच दिले. तिथेही मूळ रहिवासी जवळपास तेच राहिले, मात्र त्यांचं काम बदललं. वनस्पतींमधली काही कर्बोदकं पचवणारी जनुकं जास्त सक्रिय झाली. म्हणजे पाहुणे राहिले नाहीत, पण ते असेपर्यंत घरच्यांचं वागणं बदललं.

या संशोधनाला दही विकणाऱ्या डॅनोन कंपनीचाही आर्थिक हातभार होता, तरीही जातींमध्ये फरक पडला नाही हा निष्कर्ष छापून आला, ही जमेची बाजू. त्याच कंपनीच्या जाहिराती मात्र बऱ्याच पुढे गेल्या होत्या. रोज एक डबा खाल्ला की पोट साफ होतं, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असा अमेरिकन सरकारी यंत्रणांचा आक्षेप होता. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने ३९ राज्यांशी २ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली.

अँटिबायोटिकनंतर घ्यावं का?

अँटिबायोटिकचा कोर्स सुरू असताना होणारे जुलाब काही प्रोबायोटिक्समुळे कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. पण कोर्सनंतर मूळचे बॅक्टेरिया लवकर परततात का? इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये हे तपासलं, तेव्हा उलटंच दिसलं. ११ प्रकारचे बॅक्टेरिया असलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये मूळची वस्ती परत यायला काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास छोटा होता आणि त्यात दही नव्हे, कॅप्सूल होत्या, हेही लक्षात घ्यायला हवं. याच संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. काहींच्या आतड्यात हे बॅक्टेरिया काही काळ चिकटले, काहींच्यात अजिबात नाही. एकाच डब्याचा दोघांवर वेगळा परिणाम होऊ शकतो तो यामुळे.

मग घरच्या दह्याचं काय?

विरजणातले बॅक्टेरिया घरोघरी वेगळे असतात. त्यांची जात आणि संख्या मोजलेली नसते, म्हणून घरच्या दह्याला शास्त्रीय अर्थाने 'प्रोबायोटिक' म्हणत नाहीत. पण त्यातही जिवंत बॅक्टेरिया असतात. दूध न पचणाऱ्यांना दही सोसतं, याचं कारणही हेच. दुधातली साखर पचवायला हे बॅक्टेरिया मदत करतात. त्यासाठी आतड्यात कायमचं राहायची गरज नसते.

२०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात ३६ निरोगी माणसांपैकी एका गटाने दहा आठवडे दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले. त्यांच्या पोटातल्या बॅक्टेरियांची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. मात्र ही मंडळी दिवसाला सरासरी सहा वेळच्या वाढपाइतकं खात होती, आणि वाढलेल्या विविधतेतला अगदी थोडा भाग थेट त्या अन्नातून आला होता.

दह्याची कढी केली तर उकळताना हे जिवंत बॅक्टेरिया बहुतेक मरतात, मग दही कितीही महाग असो. आणि केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णांनी प्रोबायोटिक उत्पादनं डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, कारण अशा शरीरात हे बॅक्टेरिया क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात.